हजेरी आणि जामीन

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले सांगतात. राजे, लढाया, तह, सनावळ्या. चावडीवर संध्याकाळी लागणाऱ्या हजेरीचा इतिहास कुणी सांगत नाही. हजेरी घेणाऱ्याच्या हातात दप्तर होतं आणि देणाऱ्याच्या अंगठ्याला शाई. ज्याचं दप्तर त्याचा इतिहास. आपला फक्त अंगठा उरला. त्या अंगठ्याच्या बाजूनं हा हिशेब मांडतोय.

विषय साधा आहे. माणसाच्या हातून एकदा गुन्हा घडला, पकडला गेला, शिक्षा झाली. पुढं काय? तो परत तेच करतो का? करतो तर का करतो? आमच्या खानदेशात, जळगाव काय नि धुळे काय, लोक याचं उत्तर फार झटकन देतात. "चोर शे तो, चोरच राही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. बाजारात ऐकलं, एस्टीत ऐकलं, शाळेत मास्तरच्या तोंडूनही ऐकलं. यातला 'च' मला कायम टोचत आलाय. हा 'च' जन्मतः कुणाच्या कपाळावर नसतो. तो कायद्यानं लिहिला, चावडीनं गिरवला. तो कसा लिहिला गेला हे कळलं तर पुसायचा कसा हेही कळेल, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात १८१८ पासून करू. पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात येऊन बसला. त्यावेळचा खानदेश म्हणजे फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी तुडवलेली शेतं, ओस पडलेली गावं. सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या डोंगरात भिल्ल होते. घाट राखायचे, वाट राखायची, त्याबद्दल हक्क घ्यायचा, ही त्यांची जुनी रीत. धामधुमीत ते हक्क बुडाले. पोट मात्र बुडालं नाही. मग लूट सुरू झाली. इंग्रजांनी पहिली सातेक वर्षं जे केलं ते कुठलंही सरकार पहिल्यांदा करतं. फौजा घातल्या, नाईक धरले, लटकवले, वस्त्या जाळल्या. एक टोळी मोडली की दुसरी उठायची. फौज थकली, भिल्ल संपले नाहीत.

१८२५ साली, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदललं. खानदेशात भिल्लांसाठी तीन एजन्सी काढल्या. जेम्स आउट्रम नावाच्या तरुण अंमलदारानं भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. बाकीच्या एजंटांचं काम होतं भिल्लांना शेतीवर बसवणं. जुने गुन्हे पोटात घालायचे, तगाई द्यायची, बी द्यायचं, बैल-अवजारं द्यायची, आणि सरकारच्या वतीनं एक माणूस त्यांच्यात फिरत राहील असं बघायचं. आउट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा, उठायचा. काही वर्षांत लुटालूट ओसरली. सात वर्षं बंदुकीनं जे जमलं नाही ते बैलजोडीनं आणि पगारानं जमलं.

दोस्त हो, इथं इंग्रजाची आरती ओवाळायची नाही. त्याला महसूल पाहिजे होता, रस्ते मोकळे पाहिजे होते. भिल्लाच्याच हातात बंदूक देऊन भिल्लावर रोखायची ही त्याची चाल होती. पुढं जमिनीही राहिल्या नाहीत. सावकाराच्या वहीत गेल्या, कोर्टाच्या हुकूमनाम्यात गेल्या. ज्यांना जमिनीवर बसवलं त्यांचीच नातवंडं सालदार झाली. दीडशे वर्षांनी, १९७१ च्या मे महिन्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याकडं पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांच्या भुकेला दरोड्याचं नाव दिलं गेलं. त्या भागात बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या, त्यांचे राखणदार मजुरांना मारझोड करायचे. तेव्हा अंबरसिंग सुरतवंती उभा राहिला, १९७२ साली श्रमिक संघटना झाली, आणि 'चोर कोण?' हा सवाल उलट्या बाजूनं विचारला गेला. तरी १८२५ चा एक धडा दप्तरात शिल्लक आहेच. गुन्ह्याकडं वळलेल्या माणसाला जगायचं साधन दिलं आणि शेजारी कुणी उभं राहिलं, तर तो माघारी फिरतो. हे पुस्तकातून नाही, आपल्या तापी-गिरणेच्या खोऱ्यात सिद्ध झालंय.

मग सरकार हा धडा विसरलं कसं? विसरलं नाही. त्याला स्वस्त इलाज सापडला.

तो इलाज म्हणजे राखण. गावात राखण आधीपासून होतीच. खानदेशात जागल्या बहुतेक भिल्ल असायचा, महाराच्या वाट्याला वेसकरकी. रात्रभर जागायचं ते याने, चोरी झाली की माग काढायचा तो याने, माग गावात येऊन थांबला की जाब द्यायचा तोही याने. म्हणजे गंमत बघा. ज्याच्या जिवावर गाव झोपायचं, त्याच्यावरच गावाचा पहिला संशय. राखणदारही तोच, संशयितही तोच. १८७४ च्या वतन कायद्यानं हे सगळं पिढीजात पक्कं केलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा त्यांना हा फास सोडवायचा होता. कनिष्ठ गावकी वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली.

या गावच्या राखणीला सरकारनं छापील रूप दिलं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत आला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लावता आला, १९२४ साली सगळं एकत्र करून पुन्हा नवा कायदा केला. त्यातली कलमं नीट ऐका. सरकारनं गॅझेटात नाव छापलं की अख्खी जमात गुन्हेगार. तिच्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. पाहिजे तर काटेरी तारेच्या सेटलमेंटात डांबायचं. पोरं आईबापांपासून तोडून वेगळी ठेवायची, तीही सोय कायद्यात. नोंदलेल्या माणसाला ठराविक गुन्ह्यात दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर कमीत कमी सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप, काळं पाणी. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट अशी नावं त्या याद्यांत गेली. काही जिल्ह्यांत मांग आणि रामोशीही गेले. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ साली आली, तिच्यात ही हजेरी आहे. ज्यांनी वाचली त्यांना मी वेगळं काय सांगू?

आता माझा मुद्दा. या कायद्यात 'देखरेख' होती. भरपूर होती. रोज होती, रात्रीही होती. पाटील बघायचा, फौजदार बघायचा, सेटलमेंटचा साहेब बघायचा. इतकी नजर ठेवूनही 'गुन्हेगार जमात' ही गुन्हेगारच राहिली असं सरकारच म्हणत होतं. मग ती नजर कशासाठी होती? माणूस सुधारावा म्हणून नव्हतीच. हजेरीला जायचं म्हणजे दूरच्या गावात मजुरी मिळत नाही. पास काढायचा म्हणजे पाटलाच्या वाड्यावर फुकट राबावं लागतं. अंगावर शिक्का असला की कोणी कामाला ठेवत नाही. काम नाही, भाकर नाही, आणि रात्री उपाशी पोरं. हजेरीच माणसाला ढकलत ढकलत परत गुन्ह्यावर नेत होती, आणि वर म्हणत होती, बघा, ह्यांच्या रक्तातच आहे.

एक योगायोग सांगतो. मुंबई इलाख्यात या सेटलमेंटांचा कारभार स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याकडं होता. १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला सरकारनं कमिटी नेमली, तिचा अध्यक्षही स्टार्टच. म्हणजे आमचं दुःख मोजायला सरकारला माणूस सापडला तो गुन्हेगार जमातींच्या खात्यातला. पण त्या कमिटीत बाबासाहेब होते. तिच्याच कामासाठी १९२९ साली ते खानदेशात आले. धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाले महाराच्या पाव्हण्याला बसवायला तयार नव्हते, म्हणून वस्तीतल्याच एकानं टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलथला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. चाळीसगावच्या टांगेवाल्यांना कोणत्या कायद्यानं हजेरी लावली होती? त्यांच्या जातीचं नाव कोणत्या गॅझेटात छापलं होतं? गुन्हा आणि गुन्हेगार यांची वाटणी कशी झाली ते एवढ्यावरून कळावं.

आणि तुरुंगाचंही बघा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजी होते. दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे, गुरुजी लिहून घ्यायचे. तुरुंगाची शाळा झाली. मला त्या माणसांविषयी आदर आहे. साने गुरुजींनी पुढं पंढरपूरच्या देवळासाठी प्राण पणाला लावले, ते आपण विसरणार नाही. पण कायद्याच्या भाषेत बोलायचं तर कायदेभंगवाले सगळे पुन्हा पुन्हा गुन्हा करणारे होते. सुटले की परत कायदा मोडायचे, परत आत जायचे. त्यांना कुणी सराईत म्हटलं नाही. सुटल्यावर दारात हार घेऊन माणसं उभी असायची, घर असायचं, काम असायचं, नाव असायचं. आपला माणूस सुटला की दारात कोण? हवालदार. जेलातून सुटलेला माणूस कुठं जातो हे त्याच्या स्वभावावर कमी आणि दारात कोण उभं आहे त्यावर जास्त ठरतं.

आता दुसरी परंपरा सांगतो. तिची सुरुवात एका चपला-बूट शिवणाऱ्यानं केली. हे आपल्या लोकांनी छातीवर लिहून ठेवावं असं आहे. अमेरिकेत बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा मोची होता. १८४१ साली तो कोर्टात बसला होता. एक फाटका दारुडा पिंजऱ्यात आणला. त्याची आता जेलात रवानगी होणार. ऑगस्टस उठला नि न्यायाधीशाला म्हणाला, हा माझ्या जामिनावर सोडा, मी बघतो याच्याकडं. तीन आठवड्यांनी तोच माणूस कोर्टात आणला तेव्हा ओळखू येईना. न्यायाधीशानं त्याला एक सेंट दंड केला नि सोडला. तिथून पुढं १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टस हेच करत राहिला. जवळजवळ दोन हजार बायामाणसांना त्यानं जामीन दिला. आधी चौकशी करायचा, हा माणूस कसा आहे, घरी कोण आहे. मग काम शोधून द्यायचा, राहायची सोय लावायचा, वेळोवेळी कोर्टाला सांगायचा. स्वतःचं दुकान त्यापायी बसलं. पोलिसांनी त्याचा रागच केला, कारण माणूस जेलात गेला की त्यांना मिळकत व्हायची. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं त्याच्या कामाचा कायदा केला. इंग्लंडात १९०७ साली झाला. त्यालाच जग 'प्रोबेशन' म्हणतं, आपल्या सरकारी मराठीत 'परिवीक्षा'.

आपल्याकडं १८९८ च्या फौजदारी संहितेत पहिल्या गुन्हेगाराला चांगल्या वागणुकीच्या मुचलक्यावर सोडायचं एक कलम होतं, ५६२ नंबरचं. पण त्याच्याकडं बघणारा कुणी नव्हता. मग प्रांतांनी आपापले कायदे केले. १९३६ साली मद्रासनं आणि मध्यप्रांत-वऱ्हाडनं, १९३८ साली मुंबईनं. आता सन लक्षात घ्या. १९३८ साली मुंबई इलाख्यात दोन कायदे एकाच वेळी अंमलात होते. एक म्हणायचा, हा माणूस चुकला, त्याची चौकशी करा, घरदार बघा, काम द्या, एक संधी द्या. दुसरा म्हणायचा, ही जमातच चुकलेली आहे, तिला तारेच्या आत घाला. मुंबईनं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला १९४९ साली. म्हणजे अकरा वर्षं हे दोन्ही कायदे एकाच सरकारच्या कपाटात शेजारी शेजारी होते. संधीचा कायदा कुणाच्या पोरांना मिळत असेल आणि तारेचा कुणाच्या, हे मी वेगळं सांगायला नको. देशभरात तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबईत सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. जमातीचं नाव पुसलं, नोंदणी आणि हालचालीवरची बंधनं राहिली. पाटी नवी, ठाणं जुनंच.

१९५८ साली संसदेनं अपराधी परिवीक्षा कायदा केला. तो आजही लागू आहे. तो वाचा, असं मी प्रत्येक वस्तीला सांगतो. छोटा आहे, एका बैठकीत होतो. कलम ३ मध्ये किरकोळ चोरीसारख्या पहिल्या गुन्ह्यात नुसती समज देऊन सोडता येतं. कलम ४ मध्ये ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते, ती निदान एक वर्ष. कलम ६ आपल्या पोरांचं आहे. एकवीस वर्षांखालच्या पोराला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कोर्टानं सहसा जेलात पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कारण लिहायचं. १९६४ साली रतनलाल नावाच्या सोळा वर्षांच्या पोराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हाच अर्थ सांगितला. कोवळी पोरं मुरलेल्यांच्या संगतीत जाऊन गुन्हेगार होऊ नयेत म्हणून हा कायदा आहे. कलम १२ म्हणतं, असा सुटलेला माणूस शिक्षेमुळं येणाऱ्या अपात्रतेत अडकणार नाही. नोकरीत असलेल्याला मात्र खातं त्याच्या वर्तनाबद्दल काढू शकतं, हेही सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, तेव्हा भोळेपणानं राहू नका.

आणि कलम १४. त्यात परिवीक्षा अधिकाऱ्याची कामं दिली आहेत. चौकशी करणं, देखरेख करणं, आणि गरज असेल तिथं योग्य काम मिळवून द्यायची खटपट करणं. हो, काम मिळवून द्यायची खटपट. कायद्यातच आहे. बोस्टनचा मोची या कलमात जिवंत आहे. धरणगावच्या ठाण्यावरची बैलजोडीही यात आहे.

आता कागदावरून जमिनीवर येऊ. आमच्या वस्तीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. वीसेक वर्षांचा. मळ्यातली पाण्याची मोटार चोरायच्या भानगडीत सापडला. त्याला बंधपत्रावर सोडलं, देखरेख लावली. महिन्यातून एकदा कचेरीत यायचं. पोरगा जायचा. त्या दिवसाची मजुरी बुडायची, वर एस्टीचं भाडं. दुपारपर्यंत बाकावर बसायचं. साहेब मान वर न करता विचारायचा, "काय रे, सुधरला का?" पोरगा म्हणायचा, "हो साहेब." सही. जा. महिनाभरात या दोन वाक्यांपलीकडं बोलणं नाही. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या टेबलावर सगळ्या जिल्ह्याची फायलींची चवड, त्यात बालकांची कामं, कोर्टाचे अहवाल, बैठका. पण पोराच्या दृष्टीनं ती काय झाली? हजेरी. आजा चावडीवर द्यायचा, नातू कचेरीत देऊ लागला. तिसऱ्या-चौथ्या महिन्याला जाणं सोडलं, आणि वर्ष संपायच्या आत दुसऱ्या भानगडीत आत गेला.

दुसऱ्या एका पोराची तऱ्हा वेगळी. त्याच्याकडं आलेला साहेब पहिल्यांदाच घरी आला. म्हातारीनं घाईघाईनं गोधडी टाकली. तो तिच्यावर बसला, चहा घेतला. म्हातारीला विचारलं, "पोऱ्या काय करस, माय?" खानदेशी बोलला म्हणून म्हातारी रडायलाच लागली. म्हणाली, "भाऊ, काम कोन्ही देत नही." साहेबानं दोन गॅरेजवाल्यांकडं स्वतः शब्द टाकला. एकानं ठेवून घेतला. साहेब अधूनमधून संध्याकाळी गॅरेजवर डोकवायचा, पोराची मजुरी बुडायची नाही. दारू कुणाबरोबर पितो, कर्ज कुणाचं आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि त्यावर तो पोराशी बोलायचा. तो पोरगा आज स्वतः हातात पाना धरून उभा आहे. त्याला परत कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

कायदा एकच. कलमंही तीच. फरक नजरेचा आणि वेळेचा. एका जागी देखरेख म्हणजे हजेरी झाली, दुसऱ्या जागी जामीन. आणि हे फक्त आमच्या दोन पोरांवरून मी बोलत नाही. कॅनडात परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या भेटींची बोलणी टेपवर घेऊन अभ्यास केला गेला, २००८ साली तो छापून आला. जे अधिकारी जास्त वेळ अटी पाळल्या का याच्याच उलटतपासणीत घालवत होते, त्यांच्या हाताखालचे लोक जास्त प्रमाणात पुन्हा गुन्ह्याकडं वळले. थंड मुलखातल्या साहेबांना यंत्र लावून जे कळलं ते आमच्या आजोबांना चावडीवर उभं राहून कळलं होतं. त्यांचं कुणी टेप केलं नाही, एवढंच.

इथं कुणी विचारील, आणि विचारावंच, की मग आमच्या बायाबापड्यांवर अत्याचार करणारेही असेच बंधपत्रावर सुटतील का? नाही. हे नीट समजून घ्या. अस्पृश्यता गुन्ह्यांच्या १९५५ च्या कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली तेव्हाच चौदा वर्षांवरच्या गुन्हेगाराला परिवीक्षेची सवलत बंद केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १९ म्हणतं, अठरा वर्षांवरच्या दोषीला परिवीक्षा नाही. जातीच्या माजानं केलेला गुन्हा आणि भुकेनं, संगतीनं, अडाणीपणानं केलेला पहिला गुन्हा यांत कायद्यानंच फरक केलाय. तेव्हा परिवीक्षा मागताना आपल्याला लाजायचं कारण नाही.

आणि मागायची आहे ती आजच. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातली पंच्याहत्तरहून जास्त माणसं अजून दोषी ठरलेलीच नाहीत. ज्याला जामीन द्यायला सातबारावाला भेटत नाही तो आत राहतो. खटला संपेपर्यंत त्याची नोकरी गेलेली, घर विस्कटलेलं, संगत पक्की झालेली. मग त्याला परिवीक्षेवर सोडून तरी काय उरतं? ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटायची, झाडू आणि संडास खालच्या म्हटलेल्या जातींना, स्वयंपाक वरच्यांना, हे घटनाबाह्य ठरवलं. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्त जमातींना सराईत मानणारी नियमावलीतली भाषाही काढायला सांगितली. देश स्वतंत्र होऊन सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं.

म्हणून नव्या कायद्यांकडंही मी डोळे उघडे ठेवून बघतो. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या. परिवीक्षेची कलमं त्यात ४०१ आणि ४०२ झाली. ज्याला परिवीक्षा देता आली असती त्याला दिली नाही तर न्यायाधीशानं खास कारण लिहायचं, हे ४०२ मध्ये आहे. शिवाय पहिल्याच वेळी पाच हजारांच्या आतली चोरी असेल आणि माल परत केला असेल तर शिक्षा म्हणून 'सामुदायिक सेवा' आली. चांगलं आहे. पण ही सेवा कोण ठरवणार? आमच्या पोराला सेवा म्हणून झाडूच मिळणार असेल आणि दुसऱ्याच्या पोराला ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम, तर ती शिक्षा नव्हे, जुनी वेठबिगार. ज्या निकालानं तुरुंगातला झाडू जातीपासून तोडला तोच निकाल इथंही दाखवावा लागेल.

आता मागणी मांडतो. जिल्ह्याला पुरेसे परिवीक्षा अधिकारी पाहिजेत, आणि त्यांच्या माथी दुसऱ्या खात्यांची कामं नकोत. एका अधिकाऱ्याकडं इतकीच माणसं असावीत की त्याला प्रत्येकाचं घर माहीत असेल. भेट कचेरीत नको, घरी किंवा कामावर, मजुरी न बुडवता. पहिले काही महिने भेटी दाट, कारण माणूस घसरतो तो सुरुवातीलाच. कलम १४ मधली कामाची खटपट ही मेहेरबानी न राहता अहवालात लिहायची बाब झाली पाहिजे : काय काम शोधलं, कुठं विचारलं, मिळालं का. अधिकाऱ्याच्या अहवालात जातीवरून काढलेला एकही निष्कर्ष नको. आणि कलम १३ प्रमाणं मान्यताप्राप्त संस्थांची माणसंही परिवीक्षा अधिकारी होऊ शकतात. मग आपल्या वस्तीतली शिकलेली पोरंपोरी तिथं का नसावीत? ज्याला खानदेशी येते, ज्याला म्हातारीच्या गोधडीवर बसायची लाज वाटत नाही, त्याच्याहून चांगला अधिकारी कुठून आणणार?

पण सरकारनं करावं म्हणून आपण हात बांधून बसायचं नाही. पोरगा कोर्टात उभा राहतो तेव्हा वस्तीतून कोण जातं? आई जाते, एकटी, पदर तोंडात धरून. वकील तारीख घेतो, परिवीक्षेचा अर्जच देत नाही, कारण पक्षकाराला ते माहीत नसतं. हे बदलणं आपल्या हातात आहे. पोरगा एकवीसच्या आत असेल तर वयाचा दाखला घेऊन जा. वकिलाला स्पष्ट विचारा, "कलम ६ चा अहवाल मागवला का?" दोन माणसं जामीन राहायला तयार ठेवा. काम देणारा एक माणूस आधीच बघून ठेवा, आणि तसं न्यायाधीशाला सांगा. बोस्टनच्या मोच्याकडं सनद नव्हती, पद नव्हतं, पगार नव्हता. तो बाकावरून उठला आणि म्हणाला, मी बघतो याच्याकडं. पाऊणशेच्या वर वर्षं आपल्यावर हजेरी लादली, तिच्यातून एक माणूस सुधारला नाही. आता आपल्याच पोरांसाठी आपण जामीन उभे राहू. पुढच्या तारखेला कोर्टात आईबरोबर निदान पाच माणसं दिसली पाहिजेत.